बेटावर एकटीने जाते आहे: किनाऱ्यावरून स्नॉर्केलिंग करावं का?

निळाई
उष्ण कटिबंधातल्या एका छोट्या बेटावर आठवडाभर एकटीच जाते आहे. बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे आणि आत उथळ लगून, म्हणजे कड्याने अडवलेलं पाणी. पोहता येतं, पण शिकले ते तलावात. रोज बोट करून जाणं परवडणारं नाही, त्यामुळे स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क लावून नळीतून श्वास घेत पाण्यावर तरंगत पोहायला, किनाऱ्यावरूनच उतरायचा विचार आहे. एकटीने उतरणं कितपत शहाणपणाचं? वेळ कोणती धरायची? पाण्यात असताना किल्ली, फोन, पैसे कुठे ठेवायचे? आणखी काही सुचत असेल तर तेही सांगा.

उधाणवारा
एकट्याने उतरू नये, हेच खरं उत्तर. पायात गोळा आला किंवा नळीतून पाणी घशात गेलं तर बघायला कुणी नसतं. तरीही उतरणार असाल तर पहिल्या दिवशी वाटाड्या घ्या, त्याच जागेचा. आत कुठून शिरायचं आणि बाहेर कुठून यायचं ते त्याच्याकडून समजून घ्या. नंतरही दुसरं कुणी पाण्यात असेल तेव्हाच, आणि कंबरभर ते छातीभर पाण्यातच राहा.

आता मुख्य धोका. लाटा कड्यावरून पाणी सतत लगूनमध्ये ढकलतात. ते पाणी परत जातं कड्यातल्या फटींमधून. किनाऱ्यावरून बघितलं की फेसाची पांढरी रेघ दिसते आणि मध्येच एक गडद निळा, शांत पट्टा. लाट फुटत नाही म्हणून नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात तिथे खोली असते आणि ओढ बाहेरची असते. त्या पट्ट्यापासून लांबच राहायचं.

वेळ धरायची ती भरती पूर्ण होण्याच्या तासभर आधीची. ओहोटीचं पाणी एकसारखं उतरत नाही. साधारण सहा तासांत ते एक, दोन, तीन, तीन, दोन, एक अशा बाराव्या भागांनी उतरतं, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी जातं. फटीतली ओढ तेव्हा सर्वांत जास्त. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असल्यामुळे हे सगळं आणखी जोरात होतं, अष्टमीच्या सुमारास भांगाच्या, म्हणजे कमी चढउताराच्या, भरतीत कमी. काही समुद्रांत दिवसाला एकच भरती येते, तिथे हा हिशेब लागू नाही. म्हणून त्या जागेचं भरती-ओहोटीचं कोष्टक मिळवाच.

उतरल्यावर लगेच पोहत सुटू नका. किनाऱ्यावरचं एक जवळचं झाड आणि त्यामागचं लांबचं झाड एका रेषेत धरा आणि मिनिटभर नुसतं तरंगा. रेष मोडली की प्रवाह कोणत्या दिशेने आहे ते कळलं. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध, येताना त्याच्याबरोबर.

खारफुटी
वरच्या उत्तरात एक भर. कोष्टकातली वेळ बाहेरच्या समुद्राची असते. लाटा मोठ्या असतील तर पाणी कड्यावरून इतकं आत येतं, की भरती चालू असतानाही फटीतून प्रवाह बाहेरच वाहत राहतो. त्यामुळे कोष्टक अनुकूल असलं तरी कड्यावर जोरात फेस दिसला तर त्या दिवशी उतरू नये.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. दम तिथेच संपतो. पाठीवर तरंगा, एक हात वर करून हलवा, आणि श्वास स्थिरावला की प्रवाहाला आडवं, लाटा फुटतात त्या बाजूला सरका. मात्र कड्यावर लाट फुटत असेल तर थेट त्यावर जाऊ नका, प्रवाळावर आपटून कापतं. भडक रंगाचा तरंगता फुगा कंबरेला बांधून पोहा. बोटींना दिसता, आणि दमलात तर धरायला आधार होतो.

प्रवाळकन्या
सामानाबद्दल: किनाऱ्यावर काहीच ठेवायचं नाही, हे सर्वांत सोपं. पासपोर्ट आणि मोठी रक्कम मुक्कामाच्या तिजोरीत. किल्ली आणि थोडे पैसे कंबरेच्या जलरोधक पाकिटात. त्यात आधी कोरडा टिश्यू घालून बादलीत अर्धा तास बुडवून बघा. टिश्यू ओला झाला तर फोन त्यात घालायचा नाही. निघताना मुक्कामी कुणाला तरी जागा आणि परतायची वेळ सांगून जा.

उन्हाचं बहुतेक जण कमी लेखतात. पाण्यात तोंड खाली असतं, त्यामुळे पाठ, मान आणि गुडघ्यांच्या मागची बाजू भाजते आणि गार पाण्यात ते जाणवतही नाही. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि पायघोळ तुमान क्रीमपेक्षा भरवशाची. क्रीम लावायचं तर अख्ख्या अंगाला साधारण ३० मिली, दर दोन तासांनी पुन्हा. पॅसिफिकमधल्या पलाऊ या बेटदेशाने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून प्रवाळाला घातक मानलेल्या काही रसायनांच्या क्रीमवर बंदी घातली आहे. झिंक ऑक्साइडवालं घेतलं तर अडत नाही.

पायात जाड तळाचे पाण्यातले बूट हवेतच. समुद्री साळूचा (तळाशी असणाऱ्या काटेरी गोळ्यासारख्या प्राण्याचा) काटा किंवा दगडमाशाचा (दगडासारख्या दिसणाऱ्या विषारी माशाचा) डंख बसला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे ४५ अंशांच्या आत, ३० ते ९० मिनिटं ठेवतात. पाणी दुसऱ्या, चांगल्या पायाने तपासा. दुखऱ्या पायाला गरमपणा कळत नाही आणि कातडी भाजते. दगडमासा असेल तर गरम पाण्यावर थांबू नका, दवाखाना गाठा.

उधाणवारा
मुक्कामाबद्दल थोडं. वाऱ्याच्या आडोशाची बाजू पोहायला बरी, कारण पाणी शांत. पण तिथे वारा नसतो, रात्री उकडतं आणि डास जास्त. खोलीला पंखा आणि मच्छरदाणी आहे का ते आधी विचारा. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, त्यामुळे मलम फक्त संध्याकाळी लावून भागत नाही.

विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर सहाच्या आसपास मावळतो आणि संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांतच संपतो. एकट्या माणसाला अंधारानंतरची ही लांबलचक वेळ जड जाते. म्हणून सगळे एकत्र जेवतात अशी जागा घ्या, ओळखी तिथेच होतात. पाण्यात उतरायला जोडीदारही तिथेच मिळतो. विजेरी बरोबर असू द्या.

निळाई
खूप उपयोग झाला, आभार! पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घेऊ का? त्यात नाकाने श्वास घेता येतो म्हणतात.

खारफुटी
नवख्याने तो टाळावा. काहींमध्ये सोडलेला श्वास नीट बाहेर जात नाही, आणि घाबरल्यावर पट्टे काढून तो पटकन उतरवता येत नाही. साधा मास्क आणि वेगळी नळी घ्या. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर माप बरोबर. केसांची बट आत अडकली तर पाणी शिरतंच, ती आधी बाजूला करा.