मरेने माघार घेतली, मग त्याच्या जागी फेडरर का नाही? (यूएस ओपन टेनिस २०१७, पुरुष एकेरी)

प्रश्न:
२०१७ च्या यूएस ओपनमध्ये नदाल पहिला मानांकित (क्रमवारीनुसार आधीच क्रमांक मिळालेला खेळाडू), मरे दुसरा, फेडरर तिसरा. ड्रॉमध्ये (कोण कोणाशी खेळणार हे चिठ्ठीने ठरवणाऱ्या तक्त्यात) नदाल आणि फेडरर एकाच अर्ध्यात आले, म्हणजे भेट झालीच तर उपांत्य फेरीत. मग मरेने कंबरेच्या दुखापतीमुळे माघार घेतली. दुसरी जागा रिकामी झाल्यावर तिसरा वर सरकायला हवा ना? तिथे पाचवा मानांकित चिलिच कसा गेला?

प्रतिसाद १:
माघार कधी घेतली, सगळं त्यावर ठरतं. ड्रॉ २५ ऑगस्टला निघाला आणि मरेची माघार २६ ला आली. ड्रॉ निघण्याआधी आली असती तर मानांकनंच नव्याने लागली असती, फेडरर दुसरा होऊन थेट १२८ व्या, म्हणजे तक्त्यातल्या शेवटच्या ओळीवर, नदालच्या समोरच्या टोकाला गेला असता.

ड्रॉ निघाल्यावर मात्र तो पुन्हा काढत नाहीत, साखळीने भोक बुजवतात. पहिल्या चारपैकी कोणी गेला तर त्याच्या ओळीवर पाचवा मानांकित येतो, पाचव्याच्या जागी सतरावा, सतराव्याच्या जागी तेहेतिसावा. त्या वर्षी मरेच्या ओळीवर चिलिच, चिलिचच्या जागी क्वेरी, क्वेरीच्या जागी कोलश्रायबर, आणि कोलश्रायबरच्या जागी लकी लूजर लाको, म्हणजे पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरलेला. चारच ओळी बदलल्या, १२४ जशाच्या तशा राहिल्या.

तिसऱ्याला का हलवत नाहीत? तो आधीच स्वतःच्या चतुर्थांशाचा प्रमुख असतो (तिसरा आणि चौथा चिठ्ठीने ३३ किंवा ९६ व्या ओळीवर जातात). त्याला उचललं की त्याचा चतुर्थांश उघडा पडतो आणि तिथे पुन्हा कोणाला तरी आणावं लागतं.

प्रतिसाद २:
नियम कळतो, पण न्याय्य वाटत नाही. खालचा अर्धा भाग पार मोकळा झाला. चौथा मानांकित झ्वेरेव दुसऱ्या फेरीत हरला, चिलिच तिसऱ्या फेरीत, आणि तिथून अंतिम फेरीत पोहोचला २८ वा मानांकित अँडरसन. वरच्या अर्ध्यात डेल पोत्रोने आधी फेडररला हरवलं आणि मग तो नदालशी खेळला. अंतिम सामना नदालने ६-३, ६-३, ६-४ असा एकतर्फी जिंकला. ज्या ड्रॉसाठी लोक दोन आठवडे बसतात, तो असा कलता राहू नये.

प्रतिसाद १:
तुमची खंत पटते. पण नव्याने ड्रॉ काढायचा तर सगळ्यांचेच प्रतिस्पर्धी बदलतात, आणि पहिल्या सामन्याची तयारी ड्रॉ निघाल्याच्या क्षणापासून सुरू झालेली असते. माझं मत नियमाच्याच बाजूने.

प्रतिसाद ३:
आणखी एक सीमारेषा आहे: पहिल्या दिवसाचं सामन्यांचं वेळापत्रक. ते जाहीर झाल्यावर ही साखळीही चालत नाही, लकी लूजर थेट रिकाम्या ओळीवर बसतो. ऑस्ट्रेलियन ओपन २०२२ आठवा. जोकोविचच्या व्हिसा प्रकरणाचा निकाल (तो खेळू शकणार नाही, असा) वेळापत्रकानंतर आला, म्हणून पहिल्या मानांकिताच्या ओळीवर पाचवा मानांकित रुबलेव नव्हे, तर लकी लूजर कारुसो आला. जोकोविचशी पहिला सामना असलेल्या केचमानोविचसमोर एकदम बिगरमानांकित माणूस उभा राहिला, आणि केचमानोविच चौथ्या फेरीपर्यंत गेला.

ड्रॉच्या कागदावर हे लगेच ओळखता येतं. मानांकन फक्त ३२ जणांना असतं, त्यामुळे नावापुढे ३३ दिसला की माघार ड्रॉ आणि वेळापत्रक यांच्या मधे आली असं समजा. मोठ्या मानांकिताच्या ओळीवरच ‘एलएल’ (लकी लूजर) दिसलं तर ती वेळापत्रकानंतरची.