मदत हवी आहे: मुलगी इंग्रजी उतारा घडाघडा वाचते, पण अर्थ लागत नाही

अबोली

नमस्कार मंडळी. माझी मुलगी नववीत आहे, मराठी माध्यम. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. इंग्रजी तिला पहिलीपासून आहे. आमच्या वेळी पाचवीत एबीसीडी सुरू व्हायची, त्यामुळे ती माझ्या चार वर्षं पुढे आहे असं मी धरून चालले होते. वाचतेही इतकं छान की शेजारच्या काकू दारात थांबून ऐकतात.

मागच्या आठवड्यात घटक चाचणीचा पेपर घरी आला. उतारा अगदी साधा होता. एक मुलगा किराणा दुकानात जातो, त्याची नोट फाटलेली असते म्हणून दुकानदार ती घेत नाही, मग मुलगा घरी येऊन दुसरी नोट घेऊन जातो. प्रश्न होता, 'व्हाय डिड द शॉपकीपर रिफ्यूज द नोट?' हिने उताऱ्यात 'शॉपकीपर' आणि 'रिफ्यूज्ड' जिथे दिसले ती अख्खी ओळ उतरवून काढली. बरोबरची खूण, पूर्ण गुण. मी सहज विचारलं, "काय गं, दुकानदाराने नोट का नाही घेतली?" तर म्हणाली, "घेतली ना."

मी गप्पच झाले. मग बाकीचा पेपर नीट पाहिला. ए वन, म्हणजे उताऱ्यातली माहिती शोधायची, ते सगळं जमलंय. शब्दार्थाच्या जोड्या जमल्यात. ए टू, म्हणजे वाचलेल्यावर विचार करून उत्तर द्यायचं, ते अर्धवट. ए फाइव्ह, जिथे स्वतःचं मत लिहायचं असतं, ते कोरं. म्हणजे इतकी वर्षं ती शब्दाला शब्द जुळवून ओळी उतरवत आली आणि मला कळलं नाही.

काय काय करून पाहिलं तेही सांगते. गाईडमधलं मराठी भाषांतर वाचून दाखवलं. रोज दहा शब्द पाठ करून घेतले. दोन महिन्यांत वही भरली, पण वहीतला शब्द उताऱ्यात भेटला की ओळख दाखवत नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख पुढे ठेवला, तर तिसऱ्या ओळीला रडायला लागली. ती चूक माझीच.

रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास मी देऊ शकते. घरात एकच मोबाईल आहे. माझं इंग्रजी बेताचं आहे. कुठून सुरुवात करू? उतारे कुठले घेऊ? मराठीत अर्थ सांगू की नको? आणि मला स्वतःला फार येत नसताना मी हे करू शकते का?

खडूफळा

अबोलीताई, मी माध्यमिक शाळेत 22 वर्षं इंग्रजी शिकवतेय. तुमची मुलगी माझ्या प्रत्येक वर्गात असते, आणि खूप वेळा तिला पूर्ण गुणही मीच दिले आहेत. "घेतली ना" हे तुम्ही विचारलंत म्हणून कळलं, एरवी कळत नाही.

आधी गळती कुठे आहे ते बघा. तोच उतारा तुम्ही मराठीत गोष्टीसारखा सांगा आणि तेच प्रश्न मराठीत विचारा. पटापट उत्तरं आली तर डोकं चालतंय, इंग्रजी अडतंय. मराठीतही अडली तर वाचनाची सवयच कमी आहे आणि मग मराठी गोष्टींपासून सुरुवात करावी लागेल. 1986 साली गॉफ आणि टन्मर या दोघांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शंभर आणि दुसरी शून्य असेल तर उत्तर शून्यच. तुमच्या मुलीची पहिली बाजू भक्कम आहे, तिला आणखी मोठ्याने वाचायला लावून काही मिळणार नाही. आता मनात वाचू दे.

उतारे कुठले, तर पाचवी-सहावीचे. नववीच्या मुलीला पाचवीचं पुस्तक म्हटलं की घरोघरी लाज वाटते, पण हिशेब बघा. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी 2000 साली दाखवलं की कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा असेल तर त्यातले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे शंभर शब्दांच्या उताऱ्यात दोन अनोळखी. तुम्ही शेजारी बसणार आहात म्हणून तीन-चार चालतील. तिने वाचताना अडलेल्या शब्दाला एकेक बोट मिटायचं. मूठ वळली की तो उतारा बाजूला ठेवायचा, अवघड आहे. अग्रलेखात पहिल्या दोन ओळींतच मूठ वळली असणार, म्हणून पोर रडली.

बालभारतीची जुनी-नवी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात.

इंद्रायणीकाठ

खडूफळा मॅडमना अनुमोदन. मी शिक्षक नाही, पण मराठी माध्यमातून इंजिनिअरिंगला गेलो आणि पहिलं वर्ष याच दुखण्यात काढलं, म्हणून लिहितोय.

ताई, शब्द माहीत असूनही वाक्य का लागत नाही याचं एक कारण आपल्या मराठीतच आहे. आपण म्हणतो, 'दुकानदाराने मला दिलेली नोट फाटलेली होती.' कोणती नोट ते सगळं 'नोट'च्या आधी येऊन जातं. इंग्रजीत तेच 'द नोट दॅट द शॉपकीपर गेव्ह मी वॉज टॉर्न.' नोट आधी, तिची ओळख मागून, आणि फाटली होती हे सगळ्यांत शेवटी. मराठी कान 'शॉपकीपर गेव्ह मी' इथे पोचला की वाक्य संपलं असं समजतो. मग 'वॉज टॉर्न' कुणाला चिकटवायचं तेच कळत नाही.

मला एका सिनियरने सांगितलेला उपाय: लांब वाक्य आलं की आधी मुख्य क्रियापद शोध आणि त्याला विचार, 'कोण?' वॉज टॉर्न. कोण? नोट. झालं, सांगाडा मिळाला. मधलं सगळं 'कोणती नोट' याचं उत्तर. पेन्सिलीने क्रियापदाखाली रेघ, कर्त्याभोवती गोल. पंधरा दिवस हात चालवला की पुढे पेन्सिल लागत नाही.

दुसरं म्हणजे 'इट', 'दे', 'धिस', 'दॅट'. आपण मराठीत सर्वनाम सर्रास गाळतो. 'घरी गेली, जेवली, झोपली', कोण ते क्रियापदच सांगतं. इंग्रजीत 'वेंट' वरून बाई की बाप्या काहीच कळत नाही, ते काम 'शी' आणि 'ही' करतात. त्यामुळे आपली मुलं हे बारके शब्द नजरेनेच ओलांडतात आणि कोण कुणाला म्हणालं याचा गोंधळ होतो. प्रत्येक 'इट'पासून तो ज्याच्याबद्दल आहे त्या शब्दापर्यंत बाण काढायला सांगा.

तिसरं, आणि मला वाटतं हेच तुमच्या मुलीला नडलंय, लपलेला नकार. 'रिफ्यूज्ड द नोट'मध्ये 'नॉट' कुठेच नाही, पण नोट घेतली नाही. 'शी वॉज टू टायर्ड टू वॉक' म्हणजे इतकी दमली होती की तिला चालवेना. मराठीत 'ना' आहे, इंग्रजीत नाही. 'हार्डली', 'अनलेस', 'फेल्ड टू', 'विदाउट' हे सगळे त्याच भावकीतले. चूक-बरोबरच्या प्रश्नांत पेपर काढणारे हमखास यांच्यावरच बोट ठेवतात. दहा शब्दांच्या वहीपेक्षा या वीस-पंचवीस शब्दांची वही करा आणि प्रत्येकापुढे शब्दाचा अर्थ लिहू नका, एक वाक्य लिहा.

मीठभाकर

ताई, मी तुमच्यासारखीच आई, बारावी झालेली. तुम्हाला फार येत नाही याची काळजी करू नका. मला येत नव्हतं म्हणूनच मुलगा मला समजावून सांगायला लागला आणि तिथे त्याचं त्यालाच कळायला लागलं की आपल्याला कुठे कळलेलं नाही.

आम्ही उतारे पुस्तकातून घेतलेच नाहीत. घरातलं जे जे इंग्रजी आहे ते वाचलं. औषधाच्या बाटलीवर 'कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन' असतं. मुलाने अर्थ सांगितला, 'मुलांना बाहेर ठेवा.' सगळे शब्द पाठ होते बरं का त्याला. मग मी बाटली फळीवर वर ठेवली आणि म्हटलं, काढ. हात पुरेना. 'हेच ते रीच', म्हटलं. तो शब्द तो आता मरेपर्यंत विसरणार नाही.

ओआरएसचं मोठं पाकीट तर उत्तम उतारा आहे. एक लिटर पिण्याच्या पाण्यात सगळं पाकीट घाला, 24 तासांत वापरा, असं इंग्रजीत चार-पाच ओळींत असतं. त्यावर मी विचारलं, "काल सकाळी आठला केलेलं पाणी आज रात्री आजोबांना दिलं तर चालेल?" उत्तर पाकिटावर लिहिलेलं नाही, पण वाचल्याशिवाय देताही येत नाही. तुमचं ते ए टू म्हणजे हेच असावं. बियाण्याची पिशवी, एलईडी बल्बचा खोका, रेल्वेचं तिकीट, गॅसच्या पुस्तकातल्या सूचना, सगळं चालतं. विषय रोजचा असला की अर्धा अर्थ आधीच माहीत असतो, मग अनोळखी शब्दाचा अंदाज बांधता येतो. मोबाईलही लागत नाही.

गोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा, 2015 पासून आहे, फुकट आहे. गोष्टींना चार पातळ्या आहेत आणि पुष्कळ गोष्टी इंग्रजीत आणि मराठीत दोन्हीकडे मिळतात. आम्ही आधी इंग्रजी वाचायचो, काय कळलं ते बोलायचो, मग मराठी उघडून पडताळायचो. उलट क्रमाने करू नका, मग इंग्रजी कुणी वाचतच नाही.

वादळवारा

माझं मत वेगळं आहे. मराठी मध्ये आणूच नका. इंग्रजी इंग्रजीतूनच समजलं पाहिजे, नाहीतर मूल आयुष्यभर मनात भाषांतर करत राहतं. माझ्या मुलांना मी इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश दिला, मराठीत अर्थ सांगणं बंद केलं, आणि फायदा झाला.

खडूफळा

वादळवारा, तुमच्या मुलांना तेवढं इंग्रजी आधी येत असेल तर फायदा होणारच. पण ज्या मुलीला 'रिफ्यूज' कळत नाही तिला 'डिक्लाइन' हा अर्थ देऊन काय होणार? एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपात बंद करण्यासारखं आहे ते.

तुमच्या म्हणण्यात एक खरं आहे: ओळीखाली ओळ भाषांतर लिहून काढायची सवय वाईट. पण 'उतारा मिटव आणि काय झालं ते आईला मराठीत सांग' हे भाषांतर नाही. ती आकलनाची सगळ्यात प्रामाणिक परीक्षा आहे, कारण तिथे ओळ उतरवून काढता येत नाही. अबोलीताईंनी नेमकं तेच केलं म्हणून तर हा धागा निघाला. शिवाय दहावीला इंग्रजी तृतीय भाषेच्या सध्याच्या पेपरात 5 गुण भाषांतरालाच आहेत. न पाहिलेला उतारा 10 गुणांचा आणि त्याच उताऱ्याचा सारांश 5 गुणांचा. सारांश म्हणजे तरी काय, उतारा मिटवून सांगणंच.

ए फाइव्ह कोरं राहण्याचं कारण वेगळं आहे. मुलं उत्तर उताऱ्यात शोधत बसतात, सापडत नाही, सोडून देतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की याचं उत्तर तिथे नाही, तुझ्याकडे आहे. तिला आधी मराठीत दोन वाक्यं बोलू दे, मग तीच तिला येतील त्या इंग्रजीत लिहू दे. चुका आज दाखवू नका.

अबोली

तीन आठवडे झाले, म्हणून परत लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

मराठीत सांगून पाहिलं, सगळी उत्तरं आली, उलट तिने मलाच विचारलं की घरी जाण्याऐवजी त्याने उधार का नाही घेतलं. म्हणजे अडतंय ते इंग्रजीच. पाचवीचं पुस्तक म्हटल्यावर दोन दिवस तोंड फुगवून होती. मग मी म्हटलं, मला शिकायचंय, तू शिकव. तेव्हापासून नीट चाललंय. बोटं मिटायचा खेळ तिला आवडलाय. बाण काढते. वेग कमी झालाय, पूर्वी घडाघडा वाचायची तिथे आता थांबते, मागे जाते, पुन्हा वाचते. आधी मला त्याची भीती वाटली, पण मग लक्षात आलं की ती थांबते तिथे विचार करतेय.

लपलेल्या नकारांची वही मीच करतेय, रात्री सगळं आवरल्यावर. काल त्यातले दोन शब्द घेऊन आमच्या गल्लीवरच एक उतारा लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत चार वाक्यं स्वतःची लिहिली. तिला द्यायच्या आधी कुणी तपासून द्याल का?

'द टँकर केम लेट टुडे. आजी वॉज टू टायर्ड टू स्टँड इन द लाइन, सो शी सेंड मी विथ टू पॉट्स. बाय द टाइम माय टर्न केम, देअर वॉज हार्डली एनी वॉटर लेफ्ट. आय फिल्ड वन पॉट अँड कॅरीड द अदर होम एम्प्टी.'

खडूफळा

ताई, फक्त 'सेंड'चं 'सेंट' करा, बाकी एका अक्षराला हात लावू नका. उद्या मी हाच उतारा माझ्या नववीला फळ्यावर देणार आहे, तुमची परवानगी असेल तर.

मुलीला प्रश्न दोनच विचारा. रांगेत कोण उभं होतं? आणि दुसरी घागर रिकामी का आली? ती 'पॉट' आणि 'एम्प्टी' असलेली ओळ उतरवायला जाईल. जाऊ दे. त्या ओळीत कारण नाही, हे तिचं तिला सापडू दे.