पसंतीक्रम खरा भरायचा की हिशेबानं?

प्रश्न: मुलीचा केंद्रीय प्रवेशाचा फॉर्म भरतेय. मनातली शाळा पहिली टाकली आणि हुकली, तर दुसरीही हातची जाते का? शेजारच्या ताई म्हणतात, "मिळेल तीच वर टाक." दोन रात्री यादी खालीवर करतेय.

उत्तर १: आधी नियमावलीत पद्धत बघा. पहिल्या पसंतीवाल्यांना कायमच्या जागा आधी वाटत असतील, तर ताईंचं बरोबर आहे. बॉस्टनमध्ये असंच चालायचं, २००५ मध्ये बदललं. गेल आणि शॅपली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मात्र जागा शेवटपर्यंत तात्पुरती असते. तुमची मुलगी पहिली शाळा हुकून वाटपाच्या दुसऱ्या फेरीत दुसऱ्या शाळेपाशी पोचली आणि त्या शाळेच्या अग्रक्रमात वर असली, तर आधी बसलेल्याला उठावं लागतं. अशा पद्धतीत खराच क्रम भरा, हिशेब नको.

उत्तर २: यादीची मर्यादाही बघा! न्यूयॉर्कमध्ये कित्येक वर्षं बाराच शाळा लिहिता यायच्या. मर्यादा असेल तर शेवटी एक खात्रीची शाळा हवीच. मी सगळ्या नामांकित टाकल्या होत्या. पोरगा उरलेल्या जागांच्या फेरीत गेला, अजून टोमणे मारतो.

प्रश्नकर्ती: सापडलं, "तात्पुरते वाटप" लिहिलंय. आता ताईंना कसं सांगू?