टॉम म्बोया ‘अमेरिकेच्या खिशातला’ होता म्हणणाऱ्यांना

तळ्याकाठी:
परवा केनियाचे नेते राइला ओडिंगा यांच्यावर बोलणं चाललेलं असताना कुणीतरी एका ओळीत निकाल लावला: “म्बोया जगून राष्ट्राध्यक्ष झाला असता तरी केनियाचं काय वेगळं झालं असतं? तो अमेरिकेच्या खिशातला माणूस.” टॉम म्बोया म्हणजे केनियाचा कामगार नेता आणि स्वातंत्र्यानंतरचा मंत्री. दोन दिवस हे वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितो.

मी नायरोबीत सहा वर्षं नोकरी केली. मोई ॲव्हेन्यूवर म्बोयाचा पुतळा आहे, पायाशी फ्लेमिंगो पक्षी. त्याच रस्त्यावर छानींच्या औषधाच्या दुकानातून बाहेर पडताना त्याला गोळ्या घातल्या. 5 जुलै 1969, शनिवार, दुपारची वेळ. त्याच दिवशी तो आदिस अबाबाहून परतला होता. अर्थनियोजन मंत्री, वय 38.

हा घायपाताच्या मळ्यावरच्या मुकादमाचा मुलगा. नगरपालिकेत सॅनिटरी इन्स्पेक्टर होता, तिथून कामगार चळवळीत आला. 1955 ला मोंबासाच्या गोदी कामगारांना 33 टक्के पगारवाढ मिळवून दिली. 1958 ला घानातल्या अक्राच्या अखिल आफ्रिकी परिषदेचा अध्यक्ष झाला तेव्हा 28 वर्षांचा होता. आणि लुओ जमातीचा असून किकुयू जमातीचा भरणा असलेल्या नायरोबीतून निवडून येत होता! 1961 ला मुन्यूआ वायाकींसारख्या किकुयू डॉक्टरला त्याने धूळ चारली. आपल्या जमातीबाहेर मतं मिळवणारे असे किती होते तिथे?

राहिला अमेरिकेचा पैसा. तो घेतला, आणि त्यातून मुलं शिकायला पाठवली. 1959 ला पहिल्या विमानात 81 जण. पुढच्या वर्षी केनेडी फाउंडेशनने 1 लाख डॉलर दिले आणि त्या खेपेला पुढे नोबेल मिळवणाऱ्या वांगारी मथाई गेल्या. ज्याला हे खिशात जाणं वाटतं त्याने आपली डिग्री कुणाच्या पैशावर झाली ते एकदा आठवावं.

गिरणगावकर:
तो “कुणीतरी” मी आहे, नाव घ्यायला हरकत नव्हती.

गोदीचे 33 टक्के सांगितलेत, पुढचं का गिळलंत? हा मंत्री होता त्या सरकारने 1964 चा त्रिपक्षीय करार घडवला. मालकांनी 10 टक्के आणि सरकारने 15 टक्के जास्त माणसं घ्यायची, बदल्यात कामगारांनी पगारवाढ मागायची नाही आणि संपही करायचा नाही. संपावर मोठा झालेला माणूस संपच काढून घेतो!

माझे वडील साचेखात्यात होते. 82 च्या संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही. आईने डबे करून आम्हाला शिकवलं. आमच्या चाळीत मतं मागायला आलेले युनियनवाले पुढे गाडीतून फिरले आणि काच खाली करेनात. त्यामुळे कामगारांच्या खांद्यावरून मंत्रालयात गेलेल्या माणसाचं कौतुक मला पचत नाही, मग तो परळचा असो की नायरोबीचा.

तळ्याकाठी:
वडिलांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण परळचा राग नायरोबीवर काढू नका. नवं स्वतंत्र राष्ट्र, शहरात बेकारांच्या झुंडी. कामावर असलेल्यांनी वर्षभर थांबावं आणि बेकारांना काम मिळावं, हा विचार गद्दारीचा नव्हता.

मांडवीपार:
दोघेही म्बोयात इतके बुडालात की पियो गामा पिंटोचं नाव कुणाच्या तोंडून आलं नाही. गोंयकार म्हणून मला हे लागतं.

पिंटो नायरोबीत जन्मला, शिकायला धारवाडला आला, मुंबईत नोकरी करताना गोवा मुक्तीच्या कामात पडला. केनियात परतल्यावर ब्रिटिशांनी 1954 ते 59 त्याला कोंडून ठेवलं. सुटल्यावर वर्तमानपत्रं, पक्षकार्य, संसद. 24 फेब्रुवारी 1965 ला नायरोबीत स्वतःच्या घराच्या दारात गाडीत त्याला मारलं, मागच्या सीटवर लहान मुलगी होती. सेशनल पेपर नंबर 10 हे सरकारचं आर्थिक धोरणपत्र, म्हणजे म्बोयाचा तो “आफ्रिकी समाजवाद”, त्याला विरोध करणाऱ्या गटाचा हा कणा. कणा मोडला आणि मे महिन्यात कागद पास झाला.

माझी आत्या तिथे शिक्षिका होती. त्या आठवड्यात तिने घरातले पिंटोचे सगळे अंक चुलीत घातले. गोव्याला पत्र आलं त्यात फक्त पावसापाण्याच्या गोष्टी. पन्नास वर्षांनी हे सांगतानाही ती आवाज खाली आणायची. जोझेफ मुरुम्बी, बाप गोंयकार, आई मासाई. मित्राच्या खुनाने त्याचं मन उडालं आणि 1966 ला काही महिन्यांतच त्याने उपराष्ट्राध्यक्षपद सोडलं. म्बोयाने काय सोडलं?

तळ्याकाठी:
पिंटोच्या खुनाचं पाप म्बोयाच्या डोक्यावर ठेवताय? एक पुरावा द्या.

मांडवीपार:
तसं मी कुठे म्हटलं? वाचता येतं ना? म्हणते आहे ते एवढंच की पिंटो गेल्यावर म्बोया त्याच लोकांबरोबर सरकारात राहिला. 1966 ला लिमुरूच्या पक्ष अधिवेशनात तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष ओगिंगा ओडिंगा (राइलांचे वडील) यांचा काटा काढायला यानेच मांडणी केली. पक्षाच्या उपाध्यक्षपदाचे आठ तुकडे केले, ओडिंगांना बाहेर पडावंच लागलं.

खुलासेवार:
एक दुरुस्ती, कारण असल्या चर्चेत हमखास कुणीतरी म्हणतं: ओबामांचे वडील त्या 81 जणांच्या विमानात नव्हते. ते त्याच वर्षी हवाईला वेगळे गेले. म्बोयाशी ओळख मात्र पक्की. खुनाच्या खटल्यात ते साक्षीदारही होते.

दुसरं. लिमुरू संपल्यावर म्बोयाची गरजही संपली. 68 ला राष्ट्राध्यक्ष केन्याटांना झटका आला तशी वारसाची धावपळ सुरू झाली. राष्ट्राध्यक्षाचं किमान वय 40 करायचा घाट घातला गेला, हा तेव्हा 37 चा. तो बेत फसला. पुढच्या वर्षी गोळ्या. मारेकरी न्जेंगाने पकडल्यावर म्हणे विचारलं, “त्या बड्या माणसाला का नाही धरत?” त्याला फाशी दिलं. बडा माणूस कोण ते कोर्टात आलंच नाही.

तळ्याकाठी:
आणि याची किंमत कुणी मोजली? माझा एक मामा तेव्हा किसुमूला शाळामास्तर होता. 25 ऑक्टोबर 1969 ला केन्याटा रशियाच्या मदतीने बांधलेल्या इस्पितळाच्या उद्‌घाटनाला आले, ओडिंगांशी भर सभेत खडाजंगी झाली, आणि परतताना अंगरक्षकांनी गर्दीवर गोळ्या चालवल्या. मामाने पोरांना पलंगाखाली झोपवलं आणि दाराला धान्याचं पिंप लावलं. शेजारच्या लुओ बाईचा मुलगा रात्री घरी आला नाही. त्याच आठवड्यात ओडिंगांनी बाहेर पडून काढलेला विरोधी पक्ष बेकायदा, ते स्वतः कैदेत. म्हणून म्हणतो, म्बोया जगता तर लुओंसाठी निदान सरकारात कुणी उरलं असतं.

मांडवीपार:
लुओंच्या ओडिंगांना त्यानेच बाहेर काढलं होतं! मामांची गोष्ट खोटी म्हणत नाही, अंगावर काटा आला. पण त्या दाराशी जी सत्ता आली ती एकट्या माणसाच्या हातात देणारी 1964 ची राज्यघटना कायदेमंत्री म्हणून मांडली कुणी?

तळ्याकाठी:
हे खरं आहे. तेवढं मान्य करतो, अधिक नाही.

गिरणगावकर:
मोंबासाचे 33 टक्के मला माहीत नव्हते. “खिशातला” हा शब्द मागे घेतो. करार मात्र मला मान्य नाही, आणि पिंटोवर वेगळं लिहा ताई. आत्यांनी काय काय जाळलं तेही लिहा.