टोकियोत हलक्या सूपचा रामेन कुठे खावा?

प्रश्न: पुढच्या महिन्यात टोकियोला जातेय, रामेन (सूपातल्या जपानी नूडल्स) खायचंच आहे पण ते दाट पांढरं डुकराच्या हाडांचं सूप मला झेपत नाही, जड होतं. हलकं काही मिळेल का?

उत्तर १: मिळेल की! तुम्ही शिओ रामेन मागवा, म्हणजे मिठाचं. टोकियोतल्या एबिसू भागातलं आफुरी हे रामेनचं दुकान बघाच, २००३ पासून आहे, युझू (लिंबासारखं सुवासिक जपानी फळ) घातलेल्या शिओसाठी प्रसिद्ध. सूप एकदम नितळ, वर तेलाचे बारीक थेंब तरंगतात आणि वाटी तोंडाजवळ नेली की आधी युझूचा वास येतो, अहाहा. तिथे चरबी कमी की जास्त तेही निवडता येतं, तुम्ही कमीवालं घ्या.

उत्तर २: +१. तोंकोत्सू म्हणजे तुम्ही म्हणता तेच डुकराच्या हाडांचं सूप, त्यात हाडं खळखळ उकळतात म्हणून चरबी सूपात मिसळून ते पांढरं होतं, नितळ सूप मंद आचेवर ठेवतात. पण हलकं म्हणजे शाकाहारी नव्हे हां, त्यात चिकन, मासे असतातच.

उत्तर ३: बऱ्याच ठिकाणी दाराशीच मशीनवर आधी कूपन काढायचं असतं. आणि फोटो काढत बसू नका, नूडल्स लगेच मऊ पडतात, सरळ भुरके मारत खा, तिथे कोणी काही म्हणत नाही.