हायब्रिड कन्सोल (हातातही चालतो, टीव्हीलाही लागतो) घ्यायचाय पण खेळणार हातातच, काय पाहू?

मानेवाडा_०७: भाऊ लोकं, निन्टेन्डोचा स्विच ओलेड घेऊ, स्विच २ घेऊ की सरळ स्टीम डेक, तो हातातला गेमिंग पीसी? टीव्हीला क्वचितच लावणार, बाकी सगळं होस्टेलवर नाहीतर पुण्याच्या गाडीत वरच्या बर्थवर पडून. इथं नागपुरात सीताबर्डीतला दुकानवाला नुसतं फोरके फोरके करून राहिला.

बॅटरीसंपली: फोरके सोड बे, ते डॉकवरचं, म्हणजे टीव्हीला जोडायच्या स्टँडवरचं. पहिले वजन पाहा, ओलेड जॉयकॉनसकट (बाजूचे काढता येणारे कंट्रोलर) ४२० ग्रॅम, स्विच २ साधारण ५३४, डेक ओलेड ६४०, दुकानात दोन मिनिटं धरून काही कळत नाही, आडवं पडून अर्धा तास खेळलं की मनगट सांगते. मग बॅटरी. स्विच २ ला कंपनीच २ ते साडेसहा तास म्हणते, ओलेडला साडेचार ते नऊ, म्हणजे जड गेम लावला तर बडनेरा यायच्या आधीच चार्जर शोधशील. आणि स्लीप! बटण दाबलं की बंद, परत दाबलं की जिथं सोडलं तिथूनच सुरू. २०१७ चा पहिला स्विच माझ्या मते यानंच चालला, चिप तर तेव्हाही जुनीच होती. निन्टेन्डोच्याच २०१२ च्या वी यू कन्सोलची स्क्रीन हातातच होती पण मेन डब्बा टीव्हीपाशी, दूर गेलं की सिग्नल गायब, काऊन घेतील लोक?

रात्रीचा_गेमर: वजन ठीक आहे पण गेम्स? सोनीच्या वीटा या हातातल्या कन्सोलचा पडदा २०११ मध्ये भारी होता, सोनीनं स्वतःचं महागडं मेमरी कार्ड गळ्यात मारलं आन् मग गेम्सही आटले. स्विच २ लाही मायक्रोएसडी एक्सप्रेसच (नवं वेगवान मेमरी कार्ड) लागते, घरातलं जुनं कार्ड गेमसाठी चालत नाही. डेकवर स्टीमचे, म्हणजे पीसी गेम्सच्या ऑनलाईन दुकानाचे, सेल मिळते, फक्त पीसी गेम्सचे बारीक मेनू वाचायची तयारी ठेव.

कूलरवाला: उन्हाळ्याचं कोणीच नाही बोललं ना बाप्पा. निन्टेन्डो ५ ते ३५ डिग्री सांगते, डेकलाही ३५ च. आपल्याकडे मे मध्ये दुपारी खोलीत ३५ कुठून आणता? पंख्याची जाळी पांघरुणानं झाकू नको, एवढं तरी कर.

मानेवाडा_०७: मग स्विच लाईट? २७५ ग्रॅमच आहे.

बॅटरीसंपली: लाईट टीव्हीला लागतच नाही, आणि अंगठ्यानं फिरवायची स्टिक आपोआप सरकायला लागली तर जॉयकॉनसारखी काढून बदलता येत नाही, पूर्ण मशीन खोलावी लागते. ओलेड सेकंडहँड पाहा, दोन्ही स्टिक स्वतः फिरवून, बिल मागून.