मदत हवी आहे: पाऊस थांबला की मुलाचं लक्ष लागत नाही

नमस्कार मंडळी. आम्ही देवगड तालुक्यात राहतो. मुलगा सातवीत आहे, एडीएचडीचं (लक्ष टिकवणं अवघड जातं, चंचलपणा असतो) निदान झालंय, औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहे. प्रश्न औषधाचा नाही. पडवीच्या पत्र्यावर पाऊस कोसळत असला की तो सलग गणितं सोडवतो. आता ऑक्टोबरात सगळं शांत झालं, आणि परसात नारळाचं झाप पडलं तरी हा खिडकीत.

2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन आढाव्यात व्हाइट आणि पिंक नॉइजचा (पावसासारखा सलग, एकसारखा आवाज) एडीएचडी असलेल्यांना थोडा फायदा, नसलेल्यांना उलट किंचित तोटा दिसला. घरी तेच चाललंय. धाकटी त्याच माजघरात अभ्यासाला बसते, आवाज लावला की वैतागते. दुसरी खोली नाही.

टेबलफॅन लावून पाहिला, पण लाईट गेली की तोही बंद. मोबाइलवर मेसेज येत राहतात, शिवाय नेट धड नाही. इअरफोन तो काढून टाकतो. समुद्राची गाज रेकॉर्ड करून लावली, तर एक लाट फुटली की पेन थांबवून पुढचीची वाट बघतो! म्हणजे त्याला चढउतार नसलेला, एकसारखाच आवाज हवा.

मुलांसाठी आठवड्याला 40 तास 75 डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माहीत आहे, त्याच्या बरंच खाली राहायचंय.

नेटशिवाय, बॅटरीवर दोन-तीन तास चालणारं, मेमरी कार्डाचं कुठलं साधन तुम्ही वापरता? आणि धाकटीला त्रास न होता आवाज त्याच्यापुरताच राहावा म्हणून स्पीकर कुठे, किती अंतरावर ठेवता?